ब्रेकवरचा पाय

दिवा खोटे बोलत नाही, असे दत्तप्रसाद धुरी म्हणत असे. वीज आली की पेटतो, गेली की विझतो. त्याच्यापाशी तिसरे काही नसते. खोटे असते ते पाहणाऱ्याच्या मनात. जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्याजोगी नाही.

दत्तप्रसाद मूळचा कुडाळकडच्या एका वाडीचा. बहारीनमध्ये तुबलीच्या खाडीलगत गॅरेजांची जी रांग आहे, तिच्या शेवटच्या गाळ्यात तो गाड्यांच्या वायरिंगचे काम करी. गाळ्याच्या भिंतीवर गावच्या देवाची, रवळनाथाची तसबीर होती. शटर उघडल्यावर पहिली उदबत्ती तिच्यापुढे लागे, मगच वीज तपासायचा टेस्ट लॅम्प हातात येई. काम चोख, बोलणे मोजके. उंच, हाडापेराने मोठा माणूस. पण वर्षभरात खांदे पुढे झुकले होते, जणू तो सतत एखाद्या गाडीच्या मागे वाकूनच उभा आहे.

थंडीचे दिवस होते. त्या दिवसांत तिथले लोक दक्षिणेला साखिरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. वसईचे एक जोडपे, डेनिस आणि ग्लेनिस, अमवाज आयलंड्सवर राहत असे. तो हॉटेलात मॅनेजर, ती इस्पितळात नर्स. त्यांनी एक मोठी कॅम्पर घेतली होती. चाकांवरचे घरच ते. एकदा वाळूत उभे केले की हलवायला जड. म्हणून त्याच्यामागे ओढून नेता येईल अशी छोटी जीप त्यांना हवी होती. दत्तप्रसादकडे तशी जीप होती. वर्षभर ताडपत्रीखाली झाकलेली. ती भक्तीची, त्याच्या बायकोची.

भक्ती आता नव्हती.

मुलगी अपेक्षा बंगळुरूला नोकरी करी. तिची शाळा सगळी बहारीनमध्ये झालेली. मराठी तिला समजे, पण उत्तर इंग्रजीत येई. ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, प्लीज, सेल इट. यू कान्ट कीप लुकिंग ॲट इट." दत्तप्रसाद एवढेच म्हणाला, "बरं." तो ताडपत्री काढून त्या जीपकडे दररोज बघत असे, हे तिला त्याने कधी सांगितले नव्हते. तिने ते कसे ओळखले, याचा त्याने विचार केला नाही.

शुक्रवार होता. दुपारची नमाज होऊन रस्ते शांत झाले होते आणि बाकीचे गाळे बंद होते. हवेत धूळ उतरली होती. सूर्य मळक्या कापडामागे ठेवलेल्या वाटीसारखा फिका दिसत होता. ओहोटी लागल्यामुळे खाडीच्या चिखलाचा कुजट, खारट वास गल्लीभर पसरला होता. कॅम्परच्या मागे दत्तप्रसादने लोखंडी टो-बार अडकवला, त्याचे दुसरे टोक जीपच्या पुढे बसवले आणि दोन्ही गाड्यांमधून दिव्यांची तार ओढायला घेतली.

"काम साधं आहे," त्याने डेनिसला समजावले. "जीप चारही चाकांवर तुमच्या मागून येणार. आत माणूस नाही. म्हणजे ती थांबतेय, वळतेय, हे मागच्याला सांगणार कोण? म्हणून तुमच्या गाडीची खूण तारेनं हिच्या मागच्या दिव्यांपर्यंत न्यायची."

"मी पुढे ब्रेक मारला की हिचे दिवे पेटणार?"

"पेटतील. तुमची वीज हिच्या स्वतःच्या वायरींत घुसू नये म्हणून मध्ये हे डायोड. एका दिशेनं जाऊ देतात. परत येऊ देत नाहीत."

"आपल्या व्हिसासारखे," डेनिस म्हणाला.

"तुला कुठे जायचंय परत?" ग्लेनिस म्हणाली. "आईनं लग्नासाठी बोलावलं, तेव्हा साहेबांना लीव्ह नव्हती. वाळूत झोपायला बरी मिळाली."

दत्तप्रसाद किंचित हसला. नवरा-बायकोचे असे टोमणे त्याने बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

पहिल्या चाचणीत डावा दिवा मंद पेटला आणि वळणाची खूण दिली की उजवाही त्याच्याबरोबर लुकलुकू लागला. डेनिसला वाटले, बल्ब गेला. दत्तप्रसादने मान हलवली. "बल्ब नाही. विजेला परतीची वाट नीट मिळाली नाही की ती दुसऱ्याच्या घरात शिरते. अर्थ बघायला हवी." तो पाठीवर झोपून जीपखाली सरकला. अर्थची तार जिथे गाडीच्या सांगाड्याला बसवली होती, तिथे रंगाखाली गंज होता. त्याने कानशीने लोखंड पांढरे होईपर्यंत घासले, बोल्ट आवळला. दोन्ही दिवे लखलखले.

"आता?" डेनिसने विचारले.

"आता एकच तपासायचं राहिलं. तुमच्या गाडीकडून येणाऱ्या तारेचा प्लग काढून ठेवतो. हिचे स्वतःचे दिवे हिच्या स्वतःच्या ब्रेकवर चालतात का, ते बघतो. तोवर चहा घेऊन या. पलीकडच्या गल्लीत कडक मिळतो."

ते दोघे हसत-बोलत चालत गेले. त्यांचे आवाज धुळीत विरले आणि गल्लीत दत्तप्रसाद एकटा राहिला.

या कामाची एक अडचण आहे. ब्रेक दाबायचा असतो पुढे आणि दिवा पाहायचा असतो मागे. एका माणसाला दोन्ही जमत नाही. म्हणून गॅरेजात एक जण सीटवर बसतो, दुसरा मागे वाकतो. मागचा म्हणतो, "दाब." पुढचा पाय दाबतो. मागचा म्हणतो, "सोड." पुढचा पाय उचलतो. सीटवरच्याला दिवा दिसत नाही. त्याच्यासाठी मागचा शब्द म्हणजेच दिवा. त्यामुळे जो 'दाब' म्हणतो, त्यानेच 'सोड' म्हणायचे, हा या धंद्याचा न लिहिलेला नियम आहे.

सुटीच्या दिवशी दत्तप्रसादकडे सीटवर भक्ती बसे. झिंजमधल्या त्यांच्या राहत्या खोलीत एकटीने बसण्यापेक्षा तिला ते आवडे. ती ठेंगणी होती. पाय पोचावा म्हणून सीट इतकी पुढे ओढी की स्टिअरिंग छातीला लागे. "काय गो, गाडी चालवतंस की कवळतंस?" असे तो तिला चिडवी. ती गॅरेजातल्या सगळ्यांसाठी कोकमाचे सरबत आणी आणि दिवसभर तिच्या हातांना तोच आंबट वास असे. तिचा एक नेम होता: 'सोड' ऐकल्याखेरीज पाय काढायचा नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. फार वेळ झाला तर पुढून विचारी, "ओ, झाला काय?" आणि तो "झाला" म्हणेपर्यंत दाबून बसे.

मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधला एक शुक्रवार. याच जीपचा दिवा तो तपासत होता. "दाब," तो म्हणाला; दिवा पेटला. तेवढ्यात पलीकडच्या गाळ्यातून कोणी हाक मारली, एका गाडीचा दोष सापडत नव्हता. "आत्ता येतो," असे तो कोणाला म्हणाला, ते त्यालाही नंतर आठवेना. तिथे तो रमला. आपल्याला जे इतरांहून चांगले येते, त्यात माणूस रमतोच; बहुतेकांचे पाप तिथूनच सुरू होते. मधूनमधून तो मान वळवून जीपकडे पाही. दिवा पेटलेला असे. दिवा पेटला आहे म्हणजे ती आहे, असे समजून तो पुन्हा वाके.

परत आला तेव्हा दिवा तसाच लाल होता.

"सोड," तो म्हणाला.

दिवा विझला नाही.

"सोड गो!" तो ओरडला. "निजलंस काय?"

ते शेवटचे शब्द. तिने ते ऐकले नाहीत. तिचे हृदय बंद पडून बराच वेळ झाला होता. पायाचा भार तेवढा ब्रेकवर राहिला होता. दिवा खोटे बोलला नव्हता. ब्रेकवर पाय आहे, एवढेच तो सांगत होता. बाकीचे दत्तप्रसादने मनाने रचले होते.

तिला त्याने गावी नेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. भटजी म्हणाले, काय मनात राहिले असेल ते बोला. तो हात जोडून बोलला: अपेक्षाचे लग्न करीन, तुझ्या भावाला अंतर देणार नाही, घर शाकारीन. कावळे फांदीवर बसून होते. ऊन चढले. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. तिला कोणता शब्द हवा होता, हे तिथे जमलेल्यांपैकी कोणाला ठाऊक असणार? ज्याला ठाऊक असायला हवे होते, त्यालाही सुचले नाही.

परतल्यावर त्याने पुन्हा कोणाला सीटवर बसवले नाही. शेजारचा टायरवाला जमालुद्दीन म्हणाला, "दत्ताभाई, आदमी क्यूँ बिठाना? लकडी है ना." त्याने मापाची एक काठी कापून दिली. एक टोक सीटला, दुसरे ब्रेकला टेकवले की झाले. ती काठी रवळनाथाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगलेली असे. वर्षभर तिने भक्तीचे काम केले. लाकडाला 'दाब' म्हणावे लागत नाही, 'सोड'ही म्हणावे लागत नाही.

या शुक्रवारीही त्याला काठी आणायचीच होती. प्लग काढून त्याने बाजूला ठेवला, जीपच्या मागे गुडघे टेकले, दिव्याची काच फडक्याने पुसली. आता उठावे, काठी आणावी, असे त्याच्या मनात होते. पण त्या जीपमागे, त्या जागी, तसे गुडघे टेकून तो वर्षभरात प्रथमच बसला होता. जिभेला जागेची आठवण असते. त्याच्या तोंडून शब्द निघून गेला.

"दाब."

दिवा पेटला.

तो हलला नाही. ब्रेकचा स्विच अडकला असेल. वायर कुठे तरी चिकटली असेल. कॅम्परकडून वीज येत असेल... पण काढलेला प्लग पुढे टो-बारपाशी पडला होता. या दिव्याला वीज मिळण्याच्या वाटा दोनच. एक त्याने स्वतःच्या हाताने तोडली होती. उरली एक.

गल्लीत कुत्रेही नव्हते. कुठल्या तरी बंद गाळ्याचा पत्रा वाऱ्याने किरकिरला. खाडीचा कुजट वास अचानक दबला आणि त्याच्यावर दुसरा एक वास आला. हलका. आंबट. कोकमाचा.

त्याने फार हळू, जणू झोपलेल्या मुलाजवळ बोलावे तसे म्हटले, "सोड..."

दिवा विझला.

जो शब्द त्या ऑगस्टमध्ये कोणी ऐकला नव्हता, तो आता ऐकला गेला. त्या क्षणी ती सुटली होती, असे मानायला जागा आहे. दत्तप्रसादने तिथेच थांबायला हवे होते. उठून हात धुवायचे, रवळनाथापुढे डोके टेकायचे, आणि त्या सीटकडे पुन्हा वळायचे नाही. गेलेल्याला हाक मारू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगतात. त्याचे कारण भीती नाही. गेलेला ओ देईल, आणि मग त्याला परत पाठवणे आपल्याच्याने होणार नाही, हे ते कारण आहे.

तो थांबला नाही.

"दाब." दिवा पेटला. "सोड." विझला. "दाब गो..." पेटला. धुळीने मळलेल्या त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागले आणि तो हसत होता. वर्षभर ज्याचे घर गप्प होते, त्याला आता कोणी तरी उत्तर देत होते. किती वेळ हा खेळ चालला, त्याला कळले नाही. शेवटी तो उठून जीपच्या कडेने पुढे गेला. दार उघडले. सीट रिकामी होती, डेनिसने जीप बघताना आपल्या उंचीप्रमाणे मागे सारली होती तशीच. पण ब्रेकचे पेडल खाली गेलेले होते. शेवटचा शब्द 'दाब' होता. त्याने वाकून पेडलखाली बोटे घालून उचलून पाहिले. ते दगडासारखे घट्ट होते, आणि त्याच्यावरचे रबर उबदार होते.

"भक्ती," तो म्हणाला. माणूस वर्षभर मनात लांबलचक बोलतो आणि वेळ आली की नाव घेऊन अडखळतो.

"अंकल, कोणाशी बोलताय?"

ग्लेनिस कॅम्परच्या कोपऱ्याशी उभी होती. हातात त्याच्यासाठी आणलेला चहाचा कागदी पेला. मागून डेनिस येत होता.

"कोणाशी नाही," दत्तप्रसाद म्हणाला. त्याने दार लावले.

"ब्रेक लाइट चालू दिसतोय," डेनिस जीपच्या मागच्या बाजूला जात म्हणाला. "प्लग तर बाहेर आहे."

खरे सांगता आले असते. ते वेड्याचे वाटले असते. पण निदान 'थोडा दोष राहिला आहे, उद्या या' एवढे तरी म्हणता आले असते. किंवा ओठांतल्या ओठांत एक शब्द. तो शब्द त्याच्या जिभेवर होता. पण तो म्हटला की दिवा विझणार, गाडी जाणार, आणि पुन्हा काही पेटणार नाही. त्याने मनाशी ठरवले: गल्लीच्या टोकापर्यंत तेवढा दिवा दिसू दे. टोकाला पोचली की म्हणेन.

"तपासणीसाठी मीच लावून ठेवलाय," तो म्हणाला. "निघालात की नीट होईल. यल्ला, चला, उशीर करू नका. धूळ वाढतेय."

त्याच्या हयातीतले कामाबद्दलचे ते पहिले खोटे. त्याने स्वतःच्या हाताने प्लग जोडला.

कॅम्पर घरघरत निघाली. तिच्या मोठ्या डिझेल इंजिनाला मागे काही अडते आहे याचा पत्ताही लागला नाही. जीप मागून ओढली जात होती आणि तिचे दोन लाल दिवे त्याच्याकडे पाहत दूर दूर जात होते. दत्तप्रसाद रस्त्याच्या मध्यात उभा राहिला. टोक आले. त्याने तोंड उघडले. आणखी एक श्वास, एवढेच त्याला हवे होते. तेवढ्यात कॅम्पर वळली आणि दिवे भिंतीआड गेले.

तेव्हा तो म्हणाला, "सोड." हवेत नुसती धूळ होती. शब्द कोणापर्यंत पोचला नाही.

मग धंद्याचा माणूस त्याच्यात जागा झाला. ब्रेकचा दिवा पेटलेला आहे म्हणजे ब्रेक लागलेला आहे. ब्रेक लागलेली गाडी ओढत नेली की चाके तापतात, धुमसतात, पेटतात. पुढे चाकांवरच्या घरात दोन माणसे बसली आहेत. घासतंय, जळतंय, हे त्यांना कळेपर्यंत...

काठीच तर ब्रेकला लावलेली राहिली नाही ना? त्याने गाळ्यात पाहिले. ती खिळ्याला टांगलेली होती. तिच्यावर धूळ होती.

त्याने डेनिसला फोन लावला; तो नुसता वाजत राहिला. दत्तप्रसादने शटर तसेच उघडे टाकले आणि आपली जुनी पिकअप काढली. साखिरच्या रस्त्याला लागेपर्यंत संध्याकाळ झाली होती. धुळीत पुढचे काही दिसत नव्हते. एखादी गाडी समोरून आली की पिवळे डाग दिसत आणि पुसले जात. त्याने काच खाली केली होती. तोंडात वाळू जात होती. तो रवळनाथाला गाऱ्हाणे घालत होता, गावच्या देवळात घालतात तसे, मोठ्याने: "बा देवा म्हाराजा, माझ्या पापाचा भोग माझ्यार येवंदे, त्या पोरांर नको..."

आधी वास आला. जळत्या ब्रेकचा. ज्याने तो एकदा घेतला आहे तो विसरत नाही. मग धुळीत दोन लाल दिवे दिसले, न हलणारे, आणि त्यांच्याखाली पांढरा धूर.

कॅम्पर रस्त्याच्या कडेला उभी होती. डेनिस पाण्याचे कॅन घेऊन चाकांवर ओतत होता. पाणी चरचरत होते. ग्लेनिस लांब वाळूत उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

"काय फिटिंग केलंय तुम्ही!" डेनिस ओरडला. "आम्ही जळालो असतो, अंकल! आत गॅसचा सिलिंडर आहे! प्लग काढला तरी दिवा जात नाही, हे बघा..."

"चूक माझी आहे," दत्तप्रसाद म्हणाला. "वायरिंगची नाही. माझी."

त्या दिवशी तो मागून ओरडला होता. आज तो मागे थांबला नाही. धुरातून चालत पुढे गेला, दार उघडले, आणि रिकाम्या सीटपुढे रस्त्यावर गुडघे टेकले. पेडल खाली होते. कोकमाचा वास जळक्या वासातही ओळखू येत होता.

"मी इथे आहे," तो म्हणाला. "मागे नाही. बघ... तुझ्या पुढ्यात आहे." आणि मग, आवाज न चढवता, "झाला गो. सोड."

पेडल सावकाश वर आले. खूप वेळ अवघडून बसलेला माणूस पाय उचलतो तसे.

मागचा लाल उजेड वाळूवरून नाहीसा झाला. डेनिसच्या हातातला कॅन तसाच राहिला. ग्लेनिसने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली.

जवळ येत तिने विचारले, "भक्ती... कोण होत्या त्या?"

"जीपची मालकीण," दत्तप्रसाद म्हणाला.

त्यांनी जीप घेतली नाही, आणि त्यानेही आग्रह केला नाही. टो-बार सोडून जीप तिथेच कडेला ठेवली; सकाळी क्रेन बोलावून आणायचे ठरले. डेनिसने शेवटी राग विसरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जा, अंकल. एकटे राहू नका आज." सांगणे सोपे असते.

दत्तप्रसाद हळू गाडी चालवत तुबलीला परतला. त्याचे मन रिकामे आणि हलके होते. जे ऑगस्टमध्ये राहिले होते, ते झाले. उद्या मुलीला फोन करायचा. तिला सगळे सांगायचे. ती इंग्रजीत रडेल, पण समजेल.

गल्लीत शिरून त्याने नेहमीच्या सवयीने पिकअप मागे घेत गाळ्याच्या तोंडाशी उभी केली. इंजिन बंद केले. किल्ली काढून खिशात टाकली. उतरला, दार लावले, आणि शटर ओढायला मागच्या बाजूला गेला.

शटर उघडेच होते. आत दिवा नव्हता, तरी गाळा दिसत होता. आतली भिंत लाल झाली होती. रवळनाथाच्या तसबिरीची काच लाल झाली होती. शेजारी, खिळ्याला, काठी जशीच्या तशी टांगलेली होती, आणि तिची सावली भिंतीवर सरळ, स्थिर पडली होती.

त्याने कोणताही शब्द उच्चारला नव्हता.

त्याने मागे वळून पिकअपच्या दिव्यांकडे पाहिले नाही. 'सोड' म्हणावे म्हणून ओठ हलले. पण म्हटले आणि दिवे विझले नाहीत तर काय, हे त्याला ठाऊक होते. तो एका हाताने पत्र्याला धरत, आंधळ्यासारखा पिकअपच्या कडेने पुढे गेला आणि दार उघडले.

आत कोणी नव्हते. जी सीट त्याच्या लांब पायांसाठी कायम शेवटपर्यंत मागे असे, जिच्यावरून तो आत्ताच उतरला होता, ती पुढे ओढलेली होती; इतकी पुढे की स्टिअरिंग बसणाऱ्याच्या छातीला लागावे.